इंदूरची व्यसनमुक्ती सेवा: शहरातल्या रुग्णाला चार गुण, गावच्या रुग्णाला दोन

इंदुरात राहणाऱ्या माणसाने दारू सोडायची ठरवली, तर आठ-दहा किलोमीटरच्या आत त्याला बहुतेक सगळे मिळते. बाणगंगेचे शासकीय मानसिक चिकित्सालय, एमवाय रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग, खासगी मानसोपचारतज्ज्ञ, नशामुक्ती केंद्रे आणि रात्री उशिरापर्यंत उघडी असणारी औषधांची दुकाने. रामबागेतला रुग्ण सकाळी डॉक्टरांना दाखवून दुपारी घरी जेवायला येतो. तोच आजार कुक्षी, जोबट किंवा झाबुआच्या पुढच्या एखाद्या फळियात (पाड्यावर) असेल, तर तेवढ्याच भेटीसाठी पहाटेची बस, दोन माणसांचे भाडे आणि बुडालेली मजुरी. चिठ्ठी दोघांना सारखीच मिळाली तरी ती पाळण्याची सोय सारखी नाही. म्हणून गुण वेगवेगळे दिले आहेत: पाचपैकी शहराला चार, गावाला दोन.

कसोटी एकच ठेवली. रुग्ण भरती झाला का आणि किती दिवस राहिला, हे आम्ही दुय्यम मानले. सुट्टी मिळाल्यावर पुढचे ९० दिवस त्याला गोळी, तपासणी आणि बोलायला माणूस मिळतो का, हे पाहिले. व्यसन पुन्हा सुरू होण्याचा धोका याच काळात सर्वांत जास्त असतो, आणि शहर व गाव यांच्यातली दरीही इथेच उघडी पडते. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशात लाख लोकांमागे ०.०५ मानसोपचारतज्ज्ञ आढळले, म्हणजे वीस लाखांमागे एक. केरळात हाच आकडा १.२ होता. २०१९ साली दिल्लीच्या एम्सने देशभराचा अहवाल दिला, त्यात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलातरी उपचार मिळाल्याचे दिसले. भरती होऊन उपचार तर १८० जणांत एकाला.

बाणगंगा: सुरुवात इथून करावी

खर्च कमी, मानसोपचारतज्ज्ञ हजर आणि लागल्यास भरतीची सोय. या तीन कारणांसाठी पहिली भेट शासकीय मानसिक चिकित्सालयातच व्हावी, असे आमचे मत आहे. धार-झाबुआकडची बस गंगवाल बसस्थानकावर येते. तिथून मरीमाता चौकाकडे जाणारी रिक्षा घ्यावी. ओपीडी सकाळची असते, म्हणून बाहेरगावच्या माणसाने आदल्या रात्री इंदुरात नातेवाइकाकडे मुक्काम करावा हे उत्तम. उशिरा पोहोचलेल्या रुग्णाला डॉक्टर भेटले, तरी रक्ततपासणी दुसऱ्या दिवसावर जाऊ शकते, आणि त्या दुसऱ्या दिवशी बरेच जण परत येत नाहीत.

सोबत आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब-ओळख क्रमांक), आयुष्मान कार्ड आणि चालू गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या घ्याव्यात. गोळीचे नाव आठवत नसले तरी पट्टीवर ते असते. घरातला एक माणूस हवाच, आणि तो पुढे गोळ्या देणारा असावा. बहुतेक घरांतून सोबत भाऊ येतो आणि गोळ्या बायको देते. मग डॉक्टरांनी सांगितलेले निम्मे तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. वहिनींना बरोबर आणा, एवढे तरी कराच.

डॉक्टरांना तीन गोष्टी नेमक्या सांगाव्यात: रोजचे प्रमाण, शेवटचा घोट कधी घेतला ती वेळ, आणि यापूर्वी दारू बंद केल्यावर कधी झटके आले होते का. प्रमाण क्वार्टरमध्ये सांगितले तरी चालते. १८० मिलिलिटरच्या, ४२.८ टक्के मद्यार्काच्या एका क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल असते, त्यावरून औषधाची मात्रा ठरवता येते. हातभट्टीच्या महुआचे तसे नाही. तिची ताकद दर खेपेला वेगळी असते. त्यामुळे किती ग्लास, सकाळी उठल्या उठल्या लागते का, आणि न मिळाल्यास किती तासांनी हात थरथरतात, हे सांगावे. गावच्या रुग्णाची मात्रा कमी लिहिली जाण्यामागे बहुतेक वेळा हेच अर्धवट उत्तर असते.

पहिले चार दिवस

दारू बंद केल्यावर साधारण सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ आणि धडधड सुरू होते. झटके येण्याचा धोका ६ ते ४८ तासांत असतो. ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काहींना डिलिरियम होतो: माणूस दिवस-रात्र विसरतो, अंगावर किडे चालताना दिसतात, ताप चढतो, घरच्यांना ओळखत नाही. यात मृत्यू येऊ शकतो. गावात मात्र याला बाधा समजतात आणि सर्वांत मोलाचे तास भगताकडे (मांत्रिकाकडे) जातात.

वेळापत्रकही घात करते. श्रावणात किंवा नवरात्रात दारू सोडण्याची शपथ घेणारे खूप आहेत. शेजारच्या मालवी घरांत सावन आपल्या मराठी पंचांगापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो, म्हणून इकडे दोन्ही पंधरवडे जपायला हवेत. गेल्या काही काळात त्यात एक कारण वाढले आहे. १ एप्रिल २०२५पासून राज्याने उज्जैन, महेश्वर, मंडलेश्वर, ओंकारेश्वर यांच्यासह १९ धार्मिक गावांतली दारूची दुकाने बंद केली. निर्णयाचे स्वागत आहे. पण रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की तिसऱ्या दिवशी त्याला डॉक्टर लागतो. दुकान बंद होते त्या गावात विथड्रॉवलची, म्हणजे नशा तुटल्यावर होणाऱ्या त्रासाची, औषधे आधी पोहोचायला हवीत.

शहरात हे सांभाळणे तुलनेने सोपे आहे. डॉक्टर क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम देतात, यकृत खराब असेल तर लोराझेपाम, आणि सात ते दहा दिवसांत मात्रा उतरवत नेतात. पहिले तीन दिवस रोज तपासणी होते. गावात पहिला उपाय असतो सलाईनचा, आणि तिथेच मोठी चूक होते. खूप वर्षे पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, जवळजवळ संपलेले असते. अशा माणसाला थायमिन न देता नुसते ग्लुकोजचे सलाईन लावले, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. गोंधळ, डोळ्यांची विचित्र हालचाल आणि चालताना झोक जाणे ही तिची लक्षणे. थायमिनचे इंजेक्शन स्वस्त आहे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातही ठेवता येते. सलाईन लावण्याआधी "बी-वनचे इंजेक्शन दिले का?" हा प्रश्न घरच्यांनी बेधडक विचारावा.

झटका आला, शुद्ध हरपली किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर १०८ला फोन करावा आणि पहिल्याच वाक्यात सांगावे: "दारू बंद करून इतके तास झाले आहेत आणि झटका आला आहे." नुसते "तब्येत बिघडली" म्हटले की निरोप पुढे अर्धवट जातो. झटका चालू असताना तोंडात चमचा घालू नये, पाणी पाजू नये, कुशीवर वळवावे. यापूर्वी झटके किंवा डिलिरियम झालेल्या माणसाने घरी दारू बंद करण्याचा प्रयोग करूच नये. त्याची जागा रुग्णालयात आहे.

गोळ्यांचा हिशेब

सुट्टीच्या चिठ्ठीवर पुढची औषधे कोणती आहेत, त्यावर गावच्या रुग्णाचे भवितव्य बरेच अवलंबून असते. अकॅम्प्रोसेटची ३३३ मिलिग्रॅमची गोळी दोन-दोन अशी दिवसातून तीनदा घ्यायची असते, म्हणजे महिन्याला १८० गोळ्या. तालुक्याच्या मेडिकलवर ती सहसा नसते, आणि दुपारची मात्रा शेतावर चुकते. नॅल्ट्रेक्सोन ५० मिलिग्रॅमची दिवसाला एकच गोळी, त्यामुळे गावाला सोयीची. मात्र यकृताची तपासणी आधी करावी लागते आणि रुग्ण अफू, डोडा (अफूच्या बोंडांची सुकी टरफले) किंवा ट्रॅमाडोलसारख्या वेदनाशामक गोळ्या घेत नसल्याची खात्री हवी. घेत असेल तर ही गोळी पडताच त्याला जोरदार विथड्रॉवल होतो. औषध यकृत आणि मूत्रपिंड पाहूनच ठरते. तरीही "आम्ही अमुक गावचे, तिथे ही गोळी मिळत नाही, दुसरा पर्याय आहे का?" असे डॉक्टरांना विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. शहरातल्या डॉक्टरांना हा प्रश्न आपणहून सुचेलच असे नाही.

डायसल्फिराम, साधारण २५० मिलिग्रॅम, हे तिसरे औषध. ते चालू असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. शेवटच्या घोटानंतर निदान १२ तास गेल्याशिवाय ते सुरू करत नाहीत, आणि बंद केल्यावरही जवळपास दोन आठवडे त्याचा परिणाम राहू शकतो. माणूस राजी असेल आणि रोज कोणाच्यातरी समोर गोळी घेत असेल तर ते चांगले काम करते. लपवून दिले तर जिवावर बेतते. बसस्थानकांच्या भिंतींवर "बिना बताए शराब छुड़ाएं" अशा जाहिराती असतात, त्या पुड्यांत काय आहे हे पाकिटावर लिहिलेले नसते, आणि त्यात हेच औषध मिसळलेले असू शकते. हृदयविकाराच्या माणसाच्या आमटीत अशी पुडी पडली तर काय होईल, याची कल्पना करवत नाही. या पुड्यांना आमच्याकडून शून्य गुण.

एक बारीक पण उपयोगाची गोष्ट: चिठ्ठीवर ब्रँडबरोबर औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे. इंदूरच्या दवा बाजारात जो ब्रँड मिळतो तो कुक्षीत मिळेलच असे नाही, पण मूळ नाव असले की दुकानदार दुसरा ब्रँड मागवू शकतो. महिन्याच्या गोळ्या एकदम न्याव्यात आणि पुढची खेप संपण्याच्या आठ दिवस आधी मागवावी.

अफू, डोडा, ब्राऊन शुगर

इथे गावाचे गुण आणखी घसरतात. मंदसौर-नीमच-रतलामचा अफूचा पट्टा जवळ असल्याने माळव्यात डोडा पिणारे म्हातारे खूप, आणि शहरात तरुणांमध्ये ब्राऊन शुगर (भेसळीचे हेरॉइन). दोघांसाठीही परिणामकारक औषध बुप्रेनॉर्फिन, जिभेखाली ठेवायची गोळी. शेवटच्या नशेनंतर साधारण १२ ते २४ तासांनी, जांभया, नाक-डोळे गळणे आणि अंगावर काटा सुरू झाल्यावरच पहिली गोळी देतात. घाईने आधी दिली तर त्रास उलट वाढतो. ही गोळी साध्या मेडिकलवर मिळत नाही. ती मान्यताप्राप्त केंद्रे आणि रुग्णालयांतूनच दिली जाते. सुरुवातीला रोज केंद्रात येऊन समोर घ्यावी लागते. विजयनगरच्या मुलाला हे जमते. जावऱ्याच्या पुढच्या शेतकऱ्याने रोज कुठे जायचे? म्हणूनच गावचे रुग्ण दहा-पंधरा दिवस भरती राहून नुसती नशा "उतरवून" घरी परततात.

पुढचा धोका घरच्यांना माहीत असायलाच हवा. महिनाभर नशा बंद राहिली की शरीराची सवय मोडते. त्यानंतर जुन्याच प्रमाणात ब्राऊन शुगर किंवा अफू घेतली तर श्वास थांबू शकतो. केंद्रातून सुटलेल्या आठवड्यात होणारे मृत्यू बहुतेक असेच होतात. सुईने नशा करणाऱ्यांसाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाची वेगळी ओएसटी केंद्रे (नशेच्या जागी औषध देणारी) असतात. जवळचे केंद्र १०९७ या हेल्पलाइनवर विचारता येते. पोलिसांच्या भीतीने मागे राहणाऱ्यांसाठी: एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये, थोड्या प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळण्याची तरतूद आहे.

खासगी केंद्र निवडताना

सर्वांत मोठा फरक इथे आहे, आणि तो अंतरापेक्षा माहितीचा आहे. शहरातली माणसे केंद्र आधी बघून येतात. गावची माणसे फोनवर ठरवतात, आणि समोरून "गाडी पाठवतो, उचलून आणतो" असे सांगितले की सुटल्यासारखे वाटून हो म्हणतात. असे केंद्र तिथेच नाकारावे. मानसिक आरोग्य कायदा २०१७ व्यसनालाही लागू आहे. प्रौढ माणूस बहुधा स्वतःच्या संमतीने भरती होतो. त्याला निर्णय घेता येत नसेल, तर कलम ८९ प्रमाणे नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज आणि दोघांची स्वतंत्र तपासणी लागते, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरे मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, आणि ही भरती ३० दिवसांपर्यंतच चालते. साखळीने बांधण्याला कलम ९५ची सरळ बंदी आहे. मारहाण हा उपचार नाही, मग केंद्रवाले कितीही अनुभवाच्या गोष्टी सांगोत.

फोनवर पुढील प्रश्न विचारावेत. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक काय? मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात? रात्री नर्स असते का, की जुना रुग्णच पहारा देतो? झटका आला तर कोणत्या रुग्णालयात नेता? आठवड्यातून किती वेळा आमच्याशी बोलू द्याल? पॅकेजमध्ये औषधे आणि रक्ततपासण्या धरल्या आहेत का? आणि शेवटचा, गावच्या माणसासाठी निर्णायक: सुट्टीनंतर फोन कोण करतो आणि कितव्या दिवशी? यावर "तुम्हीच या" असे उत्तर आले, तर इमारत कितीही चकचकीत असो, आमचे गुण दोनच. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणाऱ्या केंद्रांत उपचार मोफत असतात. त्यांची माहिती १४४४६ या हेल्पलाइनवर मिळते. स्त्रियांसाठी मात्र खाटा फारच थोड्या. बहुतेक केंद्रे पुरुषांपुरतीच आहेत, म्हणून स्त्री रुग्णाला थेट शासकीय रुग्णालयातच न्यावे.

फोन आणि मनकक्ष

टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, क्रमांक १४४१६, ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे. चोवीस तास, मोफत, मराठी धरून २० भाषांत. गावासाठी ही आजची सर्वांत उपयोगी सेवा आहे, आणि रात्री दोनला तलफ आलेल्या माणसाला दुसरे कोण भेटणार? आधी समुपदेशक बोलतात, गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडे जोडून देतात. मर्यादाही नीट समजून घ्यावी: २०२०च्या टेलिमेडिसिन नियमांप्रमाणे एनडीपीएस कायद्याखालची औषधे फोनवर लिहून देता येत नाहीत. म्हणजे बुप्रेनॉर्फिन नाही, विथड्रॉवलच्या गोळ्याही नाहीत. त्यासाठी प्रत्यक्ष भेट लागते. शहराला साडेतीन, गावाला चार: गावाने शहरावर मात केलेली ही एकच जागा.

प्रत्यक्ष भेटीसाठी इंदूरपर्यंत येण्याआधी जिल्हा रुग्णालयातल्या "मन-कक्षा"त (मानसिक आरोग्य कक्षात) जावे. तिथे प्रशिक्षित वैद्यकीय अधिकारी आणि नर्स असणे अपेक्षित आहे. पूर्ण वेळचा मानसोपचारतज्ज्ञ प्रत्येक जिल्ह्यात नाही, पण इंदुरात सुरू झालेला उपचार पुढे चालवायला एवढे पुरते. सुट्टीच्या कागदावर इंदूरच्या डॉक्टरांकडून तीन ओळी लिहून घ्याव्यात: निदान, चालू औषधे मात्रेसह, आणि कोणती तपासणी कधी. हा कागद मनकक्षात, आणि त्याची प्रत गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या सीएचओंकडे (सामुदायिक आरोग्य अधिकाऱ्यांकडे). त्या रक्तदाब मोजू शकतात, गोळ्या मोजू शकतात, ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टरांना जोडून देऊ शकतात. कागद नसेल तर तिथे सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

पुण्याला पाठवावे का?

इंदूर-देवास-धारच्या मराठी घरांत हा प्रश्न हमखास निघतो. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचे नाव आपल्याकडे विश्वासाने घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. ज्याला मनातले मराठीतच बोलता येते, अशा आजोबा-काकांना तिथे मोकळे व्हायला वेळ लागत नाही. पण घरी परतल्यावरचे ९० दिवस माळव्यातच काढायचे आहेत. म्हणून निघण्यापूर्वीच बाणगंगेत किंवा इथल्या एखाद्या मानसोपचारतज्ज्ञांकडे नाव नोंदवून ठेवावे, आणि परतल्याच्या आठवड्यात पहिली भेट ठरवावी. अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या परस्पर-मदत गटाच्या इथल्या सभा हिंदीत होतात, पैसे लागत नाहीत. दूरच्यांना ऑनलाइन सभा आहेत.

पैसे

आयुष्मान कार्डात ओपीडी नाही आणि दीर्घ मुदतीचे नशामुक्ती पुनर्वसनही नाही. विथड्रॉवल, झटके किंवा यकृताच्या आजारासाठी रुग्णालयात भरती करायची असेल, तर काय बसते हे भरतीच्या वेळीच आयुष्मान काउंटरवर विचारावे, नंतर नाही. मेडिक्लेमवाल्यांनी पॉलिसीतले "एक्सक्लूजन १२" उघडून पाहावे: दारू व अमली पदार्थांच्या व्यसनाचा उपचार वगळणारे कलम तेच. शासकीय ओपीडीत औषधाचा खर्च थोडा असतो, खरा खर्च फेऱ्यांचा. तब्येत स्थिर झाल्यावर इंदूरची भेट दोन महिन्यांनी आणि मधली मनकक्षात, असे चालेल का, हे डॉक्टरांना दुसऱ्याच भेटीत विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावे.